पडवळाची पत्रं

माझं काम काय, हे माझ्या सख्ख्या आईलाही आजवर कळलेलं नाही. ती शेजारणींना सांगते, "मुलगी अमेरिकेत पत्रं टाकते." इंजिनियर होऊन मी इथे पोस्टमनकी करायला आले, असा त्याचा अर्थ होतो, पण खरं सांगायचं तर आई फार चुकत नाही. कंपन्यांचे ब्लॉग असतात. ब्लॉग वाचणारा माणूस तिथल्या चौकटीत आपलं नाव आणि ईमेल भरतो. ते नाव तिथून उचलून दुसऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं, आणि मग त्या सॉफ्टवेअरने त्या माणसाला ठरल्या दिवशी ठरलेली पत्रं आपोआप पाठवत राहायचं, अशी सोय मी करून देते. ब्लॉग आणि सॉफ्टवेअर यांच्यामध्ये जी नळी टाकायची असते, ती मी टाकते. नळी नीट चालली की कोणी माझी आठवण काढत नाही. तुंबली की मात्र रविवारीसुद्धा काढतात.

काकू आमच्यापासून दोन रस्ते सोडून राहतात. तशा त्या माझ्या कोणी लागत नाहीत. आम्ही जॉर्जियातल्या अल्फारेटात राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात त्या अळूची पानं घेऊन दारात उभ्या राहिल्या, "खाजत नाहीत, मी खाऊन बघितलीत" एवढं सांगून निघून गेल्या, आणि तेव्हापासून त्या माझ्या काकू झाल्या. वय शहात्तर. नागपूरला डॉक्टर झाल्या, लग्न करून इथे आल्या आणि पस्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात लोकांना भूल दिली. काका सर्जन होते. "हॉस्पिटलात हे कापायचे आणि मी झोपवायची," काकू सांगतात, "घरी हे झोपायचे आणि मी भाज्या कापायची." काका सहा वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून त्या घरात काकू आणि मागच्या अंगणातले वेल, एवढेच राहतात.

जॉर्जियाच्या लाल चिकणमातीत पडवळ आणायचं म्हणजे चेष्टा नाही. काकूंनी ते आणलं. दुधी आणला, गवार आणली, हरणांनी ती खाल्ली, मग कुंपण घालून पुन्हा आणली. आणि हे सगळं त्या एका ब्लॉगवर मराठीत लिहायच्या. नुसती माहिती कधीच नसायची. गवार खाणाऱ्या हरणीचं त्यांनी जे वर्णन केलं होतं, त्यात एक जुनी सासू मला स्पष्ट दिसली होती. ब्लॉग वाचून लोक बी मागायचे. काकू कागदाच्या पुड्या करून, वर निळ्या शाईने नावं घालून, पोस्टाने बी पाठवायच्या. मग त्या लोकांचे प्रश्न सुरू व्हायचे. बी किती वेळ भिजवू? फुलं का गळतात? पडवळ वाकडं का होतं? काकू एका बोटाने टाइप करून प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायच्या. वाचक वाढले तसं ते बोट दुखायला लागलं.

एका शनिवारी सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. समोर चहा ठेवला आणि म्हणाल्या, "तुझं ते पत्रं टाकायचं मशिन माझ्या ब्लॉगला लावून दे."

मी समजावून सांगायला घेतलं. जो माणूस चौकटीत नाव भरतो त्याला आमच्या भाषेत 'लीड' म्हणतात, हे ऐकून काकू थांबल्या. "लीड म्हणजे ईसीजीच्या वायरी. छातीला चिकटवतो त्या."

"ह्या वेगळ्या, काकू. ह्या माणसांना चिकटवतात. प्रत्येकाला मार्क असतात. पत्र उघडलं की एक मार्क, आतल्या लिंकवर क्लिक केलं की पाच. मार्क वाढले की तो माणूस गरम. काहीच केलं नाही की थंड."

"माणसं काय तवा आहेत?" काकू म्हणाल्या. पण लगेच खुर्ची पुढे ओढून त्यांनी विचारलं, "म्हणजे कोण पत्र उघडतं ते दिसतं?"

"दिसतं. किती वेळा उघडलं तेही दिसतं."

ताकाला जाऊन भांडं लपवणं काकूंच्या स्वभावात नाही. "मग तो वाचतो का, ते मला बघून सांग," त्या म्हणाल्या.

तो म्हणजे त्यांचा मुलगा. एकुलता एक. माझ्याच वयाचा, पार पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला एका मोठ्या ऑफिसात, दहाव्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये एकटा राहणारा. दर रविवारी आईला फोन करणारा. काकू मराठीत बोलायच्या, तो इंग्रजीत उत्तरं द्यायचा, आणि अर्ध्या तासात दोघांचंही बोलणं संपायचं. काकू नऊ वर्षं त्याला ब्लॉगच्या प्रत्येक लेखाची लिंक पाठवत होत्या. त्याच्याकडून उत्तर म्हणून अंगठ्याचं चित्र यायचं.

"अंगठा," काकू म्हणाल्या. "निरक्षर माणसासारखा. आठव्या वर्षी बाराखडी शिकवलीय मी त्याला." मग चहाचा कप बशीत फिरवत बसल्या. "मी गेल्यावर हे घर तो विकणार, ते मला मान्य आहे. त्याने इथे येऊन काय करायचं? पण मी कशी होते, काय बघायची, कशाला हसायची, ते सगळं त्या ब्लॉगवर आहे. ते त्याने कधी उघडून बघितलंय का, एवढंच मला जिवंतपणी कळायला हवंय."

"त्यालाच विचारा की."

"विचारल्यावर तो वाचेल. विचारून वाचलेलं काय कामाचं?"

 मी लॅपटॉप उघडला.

नियम असा आहे की माणसाने स्वतः नाव नोंदवल्याशिवाय त्याला यादीत घालता येत नाही. काकूंनी माझ्यादेखत मुलाचा पत्ता चौकटीत भरून टाकला. मी म्हटलं, "त्याची परवानगी लागते." काकू म्हणाल्या, "जन्म देताना घेतली नव्हती." पण सॉफ्टवेअर काकूंपेक्षा हट्टी निघालं. त्याने मुलाला ईमेल धाडलं, की तुम्हाला खरोखर ही पत्रं हवी असतील तर खालचं बटण दाबा. चार दिवस काही झालं नाही. काकू रोज फोन करून "दाबलं का?" विचारायच्या. पाचव्या दिवशी त्याने दाबलं.

पत्रं लिहायला आम्हाला तीन शनिवार लागले. मी नुसती टाइप करणारी. माझा एखादा अनुस्वार राहिला की काकू पडद्यावर बोट ठेवून थांबायच्या, आणि मी तो घालेपर्यंत पुढचं वाक्य मिळायचं नाही. पहिलं पत्र बी भिजत घालण्याचं. दुसरं रोपाचं, तिसरं मांडवाचं. चौथ्यात नर फुलं गळतात त्याबद्दल धीर दिला होता: "घाबरू नका. गळायचं ते गळतं. राहायचं असतं ते मागून येतं." पाचव्यात पडवळाच्या शेपटाला दगड बांधायचा, म्हणजे ते सरळ वाढतं. नाव नोंदवलं म्हणजे बी नेलं असं धरून, त्या दिवसापासून मोजून हे सॉफ्टवेअर ठरल्या गुरुवारी ज्याचं त्याला पत्र पाठवणार होतं, त्यामुळे "आता तुमच्या वेलाला तिसरं पान फुटलं असेल" असं काकू बिनधास्त लिहू शकत होत्या. हे त्यांना फार आवडलं. "ज्योतिषी झाले मी," म्हणाल्या.

आणखी एक पत्र होतं. बी नेऊन दोन महिने झाले तरी ज्याने एका ओळीचंही उत्तर धाडलेलं नाही, त्याच्यासाठी. ते काकूंनी अक्षरशः हसत हसत सांगितलं:

"बी घेऊन गेलात, ते गेलातच. परत फिरकला नाहीत. वेल जगला की वाळला, हे कळवायला दोन ओळी पुरतात, पण तुम्ही मोठी माणसं, तुम्हाला सवड कुठली? आम्ही बसलोय वाट बघत. रागावले नाहीये. फक्त विचारते."

"जरा खोचक होतंय," मी म्हटलं.

"होऊ दे. मराठी माणसाला नुसतं गोड लिहिलं तर तो उत्तर देत नाही."

पहिलं पत्र गेलं, आणि करायला गेले गणपती, झाला मारुती. पत्राच्या सुरुवातीला मी मोठ्या हौशीने 'प्रिय' लिहून पुढे माणसाचं नाव आपोआप येईल असं केलं होतं. नाव कुठलं, तर चौकटीतल्या पहिल्या रकान्यात जे असेल ते. हे इथल्या कंपन्यांत ठीक चालतं. पण काकूंचे निम्मे वाचक त्यांच्याच पिढीचे, निवृत्त डॉक्टर आणि इंजिनियर. त्या लोकांनी शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर आधी आडनाव लिहिलं होतं. इथेही त्यांनी पहिल्या रकान्यात आडनावच लिहिलं. त्यामुळे एकेका आजोबांना नुसत्या आडनावाने हाक मारणारं पत्र गेलं. अर्विंगहून एका हृदयरोगतज्ज्ञांचा काकूंना फोन आला. ते म्हणाले, "नुसत्या आडनावाने मला आमच्या फिजिक्सच्या मास्तरांनंतर तुम्हीच हाक मारली. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो."

काकू हसल्या, पण मला म्हणाल्या, "नाव काढ. नुसतं 'नमस्कार' घाल. आणि सरसकट सगळ्यांना 'तुम्ही'. ऐंशीचा असो नाहीतर विशीतला, त्यात भेदभाव नको." मी पाच मिनिटांत नाव काढलं. यादीतल्या सगळ्यांना, म्हणजे एकूण एक सगळ्यांना, तेव्हापासून 'नमस्कार, तुम्ही' असं जायला लागलं.

त्या गुरुवारी सकाळी नऊला दुसरं पत्र गेलं. मी ऑफिसचं काम बाजूला ठेवून काकूंची यादी उघडली. ऑफिसात मी अशा हजारो लोकांची उघडझाप बघते आणि मला काही वाटत नाही. इथे मात्र कोणाच्या तरी खिडकीतून आत डोकावल्यासारखं वाटलं. तरी डोकावले. मुलाच्या नावापुढे होतं: उघडलं, नऊ वाजून एक मिनिट. खाली आदल्या पत्राचंही तसंच.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी लगेच फोन केला. "काकू, तो वाचतो. पत्र पोचल्यावर एका मिनिटात उघडतो."

 मग काकू म्हणाल्या, "नऊला? म्हणजे त्याच्याकडे सकाळचे सहा. तो सहाला उठतो?"

"उठत असेल आता."

"हो, वयाबरोबर सवयी बदलतात," काकू म्हणाल्या. संध्याकाळी त्या स्वतः लसणाची चटणी घेऊन आमच्याकडे आल्या. कधी नव्हे ते त्यांनी मला जवळ घेतलं. पुढचे तीन आठवडे मराठी मंडळातल्या प्रत्येक बाईला कळलं की बेलव्ह्यूचा मुलगा पहाटे उठून आधी आईचं पत्र वाचतो.

चौथ्या पत्राच्या दिवशी मी यादी नीट बघितली. नऊ वाजून एक मिनिटाला मुलाने पत्र उघडलं होतं. त्याच मिनिटाला अर्विंगच्या डॉक्टरांनी उघडलं होतं. आणखी चाळीसेक जणांनीही नेमकं त्याच मिनिटाला उघडलं होतं, आणि त्यातले एक काका त्या आठवड्यात आयसीयूत होते.  काही ईमेलची अ‍ॅप्स आलेलं पत्र माणसाच्या आधी स्वतःच उघडून ठेवतात, कोणी कधी वाचलं ते बाहेरच्याला कळू नये म्हणून. ही गोष्ट मी दर महिन्याला कंपन्यांच्या मीटिंगमध्ये ताठ मानेने सांगते, की बाबांनो, 'उघडलं' या आकड्यावर विसंबू नका. काकूंना सांगताना मात्र मी विसरले. विसरले म्हणणंही खोटंच आहे. मला काकू खुश व्हायला हव्या होत्या, म्हणून मी आठवलं नाही.

दोन दिवस मी टाळलं. शनिवारी गेले. काकू वेलांना पाणी घालत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी पाण्याची नळी खाली ठेवली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही.

"म्हणजे तो वाचतो की नाही, ते कळत नाही."

"नाही कळत. क्लिक केलं असतं तर कळलं असतं. एकही क्लिक नाहीये."

"आणि तू सांगितलंस, वाचतो."

"हो."

नळी पुढच्या वेलाकडे गेली.  त्या म्हणाल्या, "थिएटरात मॉनिटर असायचे. टुकटुक चालू असायची. तरी मी एक बोट पेशंटच्या मनगटावर ठेवायची. वायर सुटली असली तरी मशिन कधीकधी टुकटुक करत राहतं." मग थोड्या वेळाने, "तू नवीन होतीस, असं समजू." एवढंच बोलल्या. मला ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या आठवड्यात त्यांनी मराठी मंडळातल्या बायकांना काही सांगितलं नाही, आणि ब्लॉगवरही काही लिहिलं नाही. त्यानंतरच्या आठवड्यातही नाही. मी दोनदा विचारलं तर म्हणाल्या, "काय लिहायचं? सगळं लिहून झालंय."

काकू लिहीत नव्हत्या, पण सॉफ्टवेअर थांबत नाही. ते दिवस मोजत होतं. शेपटाला दगड बांधायचं पत्र गेलं. दोन महिने भरले त्या गुरुवारी, ज्यांनी उत्तर दिलं नव्हतं त्यांना ते शेवटचं खोचक पत्रही गेलं. ते पत्र आहे हे मी साफ विसरले होते.

दुपारी बाराच्या सुमारास मी घरून काम करता करता पोहे खात होते. फोन वाजला. काकूंचा मुलगा. अडीअडचणीला म्हणून माझा नंबर त्याच्याकडे होता, पण त्याने कधी फोन केला नव्हता. मी पोह्यांची बशी बाजूला ठेवली.

"हाय, इज मॉम ओके?" गाडीत होता. इंडिकेटरचा आवाज येत होता.

"हो, ठीक आहेत. का रे?"

"इज शी मॅड अ‍ॅट मी?"

"तुझ्यावर? कशाबद्दल?"

"आय डोन्ट नो. दॅट्स द थिंग." मग जरा थांबून, अगदी दबक्या आवाजात, "शी इज कॉलिंग मी 'तुम्ही'."

मला आधी काही कळेना. मग त्याने इंग्रजीत भराभरा सगळं सांगितलं. आईने त्याला आयुष्यात दोनदाच 'तुम्ही' म्हटलं होतं. एकदा सोळाव्या वर्षी, गाडी ठोकून त्याने ते लपवलं तेव्हा: "या, आलात? गाडी कुठे ठेवलीत आपण?" दुसऱ्यांदा बाबांच्या वर्षश्राद्धाला तो कामामुळे येणार नव्हता तेव्हा: "तुम्हाला जमत असेल तर या." दोन्ही वेळा पुढचा महिना त्याला अन्न गोड लागलं नव्हतं. आणि आता दोन महिने दर थोड्या दिवसांनी आईचं पत्र येत होतं, दुसऱ्या पत्रापासून वर त्याचं नाव नाही, आणि पहिल्या ओळीपासून 'तुम्ही'. ऑफिसला ड्राइव्ह करताना तो फोनकडून पत्र मोठ्याने वाचून घ्यायचा. आपलं नेमकं काय चुकलं ते सापडेना, म्हणून प्रत्येक पत्र दोन-तीनदा ऐकायचा.

"'गळायचं ते गळतं'," तो म्हणाला. "व्हॉट डझ दॅट ईव्हन मीन? अँड टुडे शी सेज आय टुक सम 'बी'. यार, आय नेव्हर टुक एनी बी."

मला हसू आवरेना आणि ते त्याला ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन लांब धरला. "तू आईंना सरळ विचारायचंस ना."

"आय कॉल्ड हर सन्डे. शी वॉज टोटली नॉर्मल. विथ मॉम दॅट्स द वर्स्ट साइन." आणि मग, "शुड आय कम?"

इथेच घोडं पेंड खात होतं. 'हो, ये, त्या खूप रागावल्यात' एवढं म्हटलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी आला असता. पण काकू खुश व्हाव्यात म्हणून मी एकदा बोलून बसले होते, आणि त्याचं काय झालं ते बघितलं होतं. मी त्याला खरं ते सांगितलं. ती पत्रं सगळ्यांना जातात, 'तुम्ही' सगळ्यांना आहे, आजचं पत्र ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांना सॉफ्टवेअरने आपोआप पाठवलं आणि ते सॉफ्टवेअर मीच लावून दिलंय.

इंडिकेटरचा आवाज बंद झाला. त्याने गाडी बाजूला घेतली असावी.

"सो शी इज नॉट मॅड."

"नाही."

"बट शी रोट दॅट. द वेटिंग पार्ट."

"लिहिलं त्यांनीच."

"इज दॅट ट्रू?"

"ते खरं आहे," मी म्हणाले.

"आय अ‍ॅम कमिंग सॅटर्डे," तो म्हणाला. "डोन्ट टेल हर."

शनिवारी मी मुद्दाम चटणीचा रिकामा डबा परत द्यायच्या निमित्ताने काकूंकडे गेले. काकू अंगणात स्टुलावर उभ्या राहून एका पडवळाच्या शेपटाला सुतळीने दगड बांधत होत्या. कुंपणाचं दार वाजलं. उंच, कानशिलाशी पांढरे केस झालेला माणूस आत आला आणि हातातली बॅग धरून तिथेच उभा राहिला. पुढे यावं की नाही, अशा अवघडलेपणाने.

काकूंनी वळून बघितलं. "तू?"

तो एक शब्द ऐकल्यावर त्याचे खांदे सैल झाले. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

"काय झालं? नोकरी गेली का?" काकू स्टुलावरून उतरत म्हणाल्या.

"नो, नो. नथिंग हॅपन्ड. यू वर कॉलिंग मी 'तुम्ही'."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी दोन वाक्यांत सगळी हकिगत सांगितली. सुतळीचं टोक काकूंच्या हातातच राहिलं. त्या मुलाच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याच्या खांद्याला लागतात त्या.

"ती पत्रं तू वाचतोस?"

तो नेहमीप्रमाणे इंग्रजीत काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलं, मिटलं. आणि मग शाळेत उभं केलेल्या मुलासारखा सावकाश, एकेक शब्द जपून ठेवत म्हणाला, "ऐकते. गाडीत ऐकते. सगळी ऐकते, आई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"आणि ब्लॉग?" काकूंनी विचारलं.

"तो आधी मी वाचत होते. पण एक पान वाचायला मला एक तास लागते. म्हणून..." त्याने हाताचा अंगठा वर करून दाखवला. "एक तास वाचते, मग हे पाठवते. आणखी काय लिहू, मला येत नाही."

 काकूंनी त्याच्या हातातली बॅग काढून घेतली, त्याला एवढ्या उन्हात टोपी न घालता आल्याबद्दल बोल लावले आणि लिंबू सरबत करायला आत गेल्या. मी मागोमाग गेले. त्या ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या. त्यांना रडताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं, काका गेले तेव्हाही नाही.

"बारा वर्षांचा असताना नागपूरला नेला होता," त्या लिंबू चिरत म्हणाल्या. "सगळी भावंडं त्याला हसली. हा पोरींसारखा बोलतो म्हणून. परत आल्यावर मराठी बंद. मी विचारलं, मारलं, लाडीगोडी लावली, काही उपयोग नाही. मला वाटायचं, त्याला आपल्या भाषेची लाज वाटते." सुरी थांबली. "ह्यांना घरी असायला वेळ नव्हता. मराठी बोलणारी घरात मी एकटी. मी जाते म्हणायची, येते म्हणायची. तो 'जातो, येतो' कोणाकडून शिकणार होता? हे मला आज कळतंय. तीस वर्षांनी."

"आता सांगायचं का त्याला?" मी हळूच विचारलं. "पटकन सुधारेल."

काकूंनी सुरी खाली ठेवली. माझे चुकलेले अनुस्वार पकडणारी बाई ती. पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "खबरदार. ते माझं मराठी आहे."

बाहेर नळाची चावी फिरल्याचा आवाज झाला. "आई," तो अंगणातून ओरडला, "मी झाडांना पाणी घालते."

"घाल रे," काकू म्हणाल्या.